पहिली फिल्म काढताय? आधी हे वाचा!

मित्रांनो, मागच्या गॅदरिंगसाठी आम्ही दहा मिनिटांची फिल्म काढायचं ठरवलं. कॅमेरा मित्राच्या भावाचा, शेत परभणीजवळच्या एका मित्राचं आणि हिरो त्याचे आजोबा! पहिल्या रविवारी पांढऱ्याशुभ्र कापसात अर्धं शूटिंग झालं. पुढच्या रविवारी गेलो तर वेचणी उरकलेली. आजोबा म्हणाले, "बाबांनो, कापूस काय तुमच्यासाठी थांबतो का?" घरी येऊन पाहिलं, तर पहिल्या दिवसाचे संवादही वाऱ्याच्या घोंघाटात बुडालेले. फिल्म गॅदरिंगला लागलीच नाही. आजोबांना तोंड दाखवायची लाज वाटली.

नंतर दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचलं आणि आपलं कुठं चुकलं ते कळलं. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पण त्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ एकेका चित्राने टिपली. 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. हा प्रयोग आपणही करू शकतो. दर अर्ध्या तासाला एक फोटो काढला तर दिवसाला ४८ होतात. सेकंदाला २४ चित्रं धरली तर दिवसाची फिल्म २ सेकंदांची आणि ३० दिवसांची बरोबर एक मिनिटाची. खर्च जवळपास शून्य, फक्त कॅमेरा आणि दिवा जागचा हलवायचा नाही.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे केले. म्हणजे कलाकार आसपासच शोधा. सरस्वतीबाईंनी सगळ्यांचा स्वयंपाक तर सांभाळलाच, शिवाय फिल्म धुण्याचं कामही केलं. म्हणून जेवणाची सोय आधी बघा, उपाशी युनिट दुपारी पळून जातं!

फाळक्यांचा सिनेमा मूक होता, आपला बोलतो. तेव्हा माईक तोंडाजवळ धरा आणि पहिल्या शॉटनंतर लगेच हेडफोन लावून ऐका. एका जागेचे सगळे शॉट एकाच दिवशी उरका. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळी नाहीतर चारनंतर शूटिंग करा. कपडे, पीक, हातातली वस्तू यांची नोंद एकाने वहीत ठेवायची. आणि जादा बॅटरी विसरू नका.

यंदा बोंडं फुटली की आम्ही पुन्हा आजोबांकडे जाणार आहोत. या वेळी फिल्म पाचच मिनिटांची, आणि शूटिंग एकाच दिवसात!