चिमुकल्या शिकाऱ्यांची उपासमार

उपवास म्हटला की आपल्याला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आठवते. माणसाचा उपवास हा निश्चयाचा भाग आहे; तो केव्हा सोडायचा हे त्याला ठाऊक असते. रानातल्या प्राण्याच्या वाट्याला येते ती उपासमार, आणि ती केव्हा संपेल हे कोणालाच माहीत नसते. त्यातही प्राणी मांसाहारी आणि आकाराने लहान असेल, तर त्याचे गणित फारच कठीण होऊन बसते.

प्रथम हे गणित पाहू. १९३२ साली मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने दाखविलेल्या नियमानुसार, प्राण्याचे वजन १६ पट वाढले तर त्याची ऊर्जेची गरज सुमारे ८ पटच वाढते. म्हणजे दोन प्राण्यांच्या अंगावर वजनाच्या प्रमाणात सारखाच मेद असला, तरी मोठ्याला तो दुप्पट दिवस पुरतो. लहान्याची शिदोरी लवकर संपते.

वीझल हा युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिकेत आढळणारा प्राणी याचे उत्तम उदाहरण होय. आपल्याकडचे पाणमांजर त्याच्याच कुळातले. पण वीझल इतका लहान, की कित्येकांचे वजन १०० ग्रॅमही भरत नाही. सडपातळ अंगामुळे तो उंदराच्या बिळात थेट शिरतो. मात्र याच अंगातून उष्णताही झपाट्याने निघून जाते. ब्राउन आणि लासिएव्स्की यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की थंडीत वीझलला तेवढ्याच वजनाच्या सामान्य बांध्याच्या प्राण्यापेक्षा ५० ते १०० टक्के अधिक ऊर्जा खर्चावी लागते. बरे, अंगावर चरबी साठवावी, तर बिळात शिरता येणार नाही! म्हणून एखाद्या दिवसाचा उपासही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

उपाशी शरीरात काय घडते? आधी यकृतातली साठविलेली शर्करा संपते, मग मेद वितळू लागतो. मांसाहारी प्राण्याच्या अन्नात शर्करा मुळातच नगण्य असते. ती तो प्रथिनांपासून तयार करतो. उपासातही हे काम चालू राहत असल्याने त्याचे स्नायू झिजू लागतात. दुसरीकडे, वितळलेला मेद यकृतात लोटतो आणि तो पुढे पाठविणे यकृताला झेपत नाही. मिंक या प्राण्यात काही दिवसांच्या उपासाने यकृत मेदाने भरून जाते. आपल्या घरात वावरणाऱ्या चिचुंद्रीतही हेच दिसते. मेद रक्तात वाहून नेण्यासाठी लागणारे एक प्रथिन तिच्या यकृतात फार कमी बनते. घरच्या लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले, तर त्यालाही हा विकार जडतो. म्हणून 'भूक लागली की खाईल' असे म्हणून स्वस्थ न बसता त्याला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे.

भूक वागणुकीतही उतरते. चिचुंद्रीच्या जातकुळीतील, जेमतेम दोन ग्रॅम वजनाची एट्रुस्कन चिचुंद्री अन्न न मिळाल्यास अंगाची उष्णता उतरवून निपचित पडते आणि ऊर्जा वाचविते. पिंजऱ्यातल्या मिंकला खाणे कमी दिले, तर तो त्याच त्या फेऱ्या घालीत राहतो. वीझल मात्र भूक लागण्याआधीच तरतूद करतो. मिळेल तेवढे मारून तो उरलेले बिळात साठवितो.

खुराड्यात शिरून गरजेपेक्षा अधिक कोंबड्या मारणाऱ्या वीझलला शेतकरी रक्तपिपासू म्हणतो. त्याचे नुकसान खरेच आहे आणि त्याचा रागही समजण्यासारखा आहे. पण ज्याच्या अंगावर उद्याची शिदोरी बांधता येत नाही, त्याने ती बिळात बांधली, तर तिला क्रौर्य म्हणावे की काटकसर? भरल्या पोटी दुसऱ्याच्या भुकेचा न्याय करताना आपण एवढा विचार अवश्य करावा.