कबुलीपाशी संपणारा तपास

गुन्हेगारी कथेतील कच्चा दुवा म्हणजे कथानकातील अशी जागा, की जिथे आधीच्या घटनांवरून पुढची घटना निष्पन्न होत नाही आणि तरीही कथा निर्धास्तपणे पुढे सरकते. बंद खोलीची किल्ली मारेकऱ्याच्या हाती कशी आली, असा प्रश्न प्रेक्षक लगेच विचारतो, कारण ही विसंगती पडद्यावरच उघडी पडलेली असते. पोलीस तपासावरील मालिकांत मात्र दुसऱ्या जातीचाही कच्चा दुवा असतो, जो कथेच्या तर्कात चपखल बसतो पण न्यायालयाच्या दारात तुटतो, आणि प्रेक्षकाला तो बहुधा जाणवतच नाही. भारतीय मालिकांत या दुसऱ्या प्रकाराकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

'सीआयडी' ही मालिका याचे सर्वपरिचित उदाहरण होय. जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेली आणि २०१८ पर्यंत चाललेली ही मालिका बी. पी. सिंग यांची, त्याआधी मराठी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही पोलीस मालिका त्यांनीच केली होती आणि 'सीआयडी'तील अभिनेते शिवाजी साटम तिच्यातही होते. सलग एकाच चित्रणात १११ मिनिटांचा भाग २००४ साली करून दाखवणाऱ्या या चमूकडे कसबाची कमतरता होती असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही तिच्यातील तपासाची घडण वास्तवापासून फार दूर राहिली. मालिकेतील सीआयडी, म्हणजे गुन्हे अन्वेषण विभाग, मुंबईतील खुनांचा तपास करतो; प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या या विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे, तर मुंबईत खुनाचा गुन्हा स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदवला जातो आणि त्याचा तपास ते ठाणे किंवा शहर पोलिसांची गुन्हे शाखा करते. अर्थात ही सवलत कथेला देता येते.

पुराव्याच्या हाताळणीबाबत तशी सवलत देणे कठीण आहे. पडद्यावरील अधिकारी रक्ताने माखलेला चाकू रुमालात उचलतो आणि पुढच्याच दृश्यात मालिकेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे त्यावरील रक्त, विष आणि ठसे यांचा उलगडा करतात. प्रत्यक्षात तो चाकू जागेवरून हलण्यापूर्वी दोन पंचांना, म्हणजे प्रकरणाशी संबंध नसलेल्या त्रयस्थ साक्षीदारांना, बोलावले जाते, चाकू कुठे आणि कसा पडला होता याचे वर्णन पंचनाम्यात उतरवले जाते, छायाचित्रे घेतली जातात, मग तो कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधला जातो, त्यावर पंचांच्या सह्यांचे लेबल लावून लाखेची मोहोर उमटवली जाते आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत त्याची नोंद होते. मुंबईत अशी वस्तू कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोहोचते तेव्हा मोहोर शाबूत आहे ना, हे आधी पाहिले जाते. या प्रवासातील एखादी कडी जरी निसटली, तरी तपासलेले रक्त त्याच चाकूवरचे होते का, ही शंका बचाव पक्षाला घेता येते. शवविच्छेदन रुग्णालयातील न्यायवैद्यक डॉक्टर करतात, व्हिसेरा, म्हणजे मृताच्या शरीरातून काढून राखून ठेवलेले अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे जातो आणि ठशांची तुलना अंगुलीमुद्रा तज्ज्ञ करतात. एकाच टेबलापाशी, एकाच माणसाकडून, एका दुपारी हे सारे होत नाही.

परंतु सर्वांत मोठा कच्चा दुवा प्रत्येक भागाच्या शेवटी येतो. अधिकारी संशयितांना एकत्र करतात, एखादी थप्पड बसते, मारेकरी कोसळतो आणि खुनाची हकीकत सविस्तर सांगतो. मग त्याला फाशी होणार असे बजावले जाते आणि भाग संपतो. शिक्षा ठरवण्याचा अधिकार पोलिसांना नाही, शिवाय खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणापुरता अपवाद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात ठरवले आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. हा नियम ब्रिटिश अमदानीतील १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, १८७२ च्या पुरावा कायद्यात कायम राहिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो आहे. पोलीस कबुलीसाठी छळ करतात, हा अनुभवच त्यामागे होता.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तपासी अंमलदाराचे खरे कौशल्य तिथे दिसते. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच तुकडा ग्राह्य धरला जातो. 'ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो विहिरीत टाकला आहे' असे आरोपी म्हणाला आणि कोयता विहिरीत मिळाला, तर तो तिथे असल्याचे आरोपीला ठाऊक होते एवढेच न्यायालय विचारात घेते. 'मी मारले' हे शब्द वगळावे लागतात. तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आखलेली ही मर्यादा आजही पाळली जाते. कोयत्यावरील रक्त कोणाचे, तो आरोपीकडे कोणी पाहिला होता, हे पोलिसांना स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. मालिकेचा भाग जिथे संपतो, तिथे खऱ्या तपासाची कष्टाची बाजू सुरू होते.

दोन दशके घराघरांत पाहिलेल्या या शेवटामुळे मारहाण हे तपासाचे रास्त साधन वाटू लागण्याचा धोका आहे, आणि कोठडीतील मृत्यू घडणाऱ्या देशात ही बाब किरकोळ मानता येणार नाही. नाट्यासाठी थप्पड अपरिहार्य आहे हा युक्तिवादही टिकत नाही, कारण कायद्याने मान्य केलेल्या कबुलीतच पुरेसे नाट्य आहे. ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे द्यावी लागते. कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिल्यास ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे दंडाधिकारी आरोपीला समजावतात, विचाराला वेळ देतात आणि ती स्वेच्छेने दिली जात आहे याची प्रश्न विचारून खात्री करतात. नोंद होण्यापूर्वी कोणत्याही क्षणी आरोपीने नकार दिला, तर दंडाधिकाऱ्यांना त्याला पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.