तीन दिवस दूध येत नाही म्हणे!

बाळ जन्मून दोन तास झालेले नसतात आणि खाटेभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी ते वाक्य टाकतंच : ‘पहिलटकरीण आहे, तिला कुठलं आत्ता दूध? तीन दिवस तरी लागतील.’ म्हणणारी कधी आजी असते, कधी भेटायला आलेली आत्या, तर कधी शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू, जिला कुणी काही विचारलेलं नसतं. मग सगळे कामाला लागतात. मामा घरून मधाची बाटली आणतो. बाळाचे बाबा सकाळपासून नुसते व्हरांड्यात उभे असतात. आपल्यालाही एकदाचं काम मिळालं म्हणून ते पावडरच्या डब्यासाठी औषधाच्या दुकानाकडे पळतात. आमच्या रायगडात पेणला हेच, रोह्याला हेच, नागोठणे-कोलाडलाही हेच.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे पनवेल-मुंबईत संसार असलेल्या मुलीही सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येतात. शिकलेल्या असतात, मोबाईलमध्ये गरोदरपणाचं ॲप असतं, डॉक्टरांनी दिलेली पुस्तिका पिशवीत असते. पण हे वाक्य इतक्या खात्रीने म्हटलं जातं की त्याही गप्प बसतात.

या वाक्यात खरेपणाचा एक कण आहे, म्हणूनच ते मरत नाही. पांढरं, भरपूर दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं आणि मग दूध तयार होण्याचा वेग वाढतो. सिझेरियन झालेल्या बाईला किंवा पहिलटकरणीला एखादा दिवस जास्त लागू शकतो. पण त्याआधी स्तन रिकामे असतात, हे कुणी सांगितलं? चीक गरोदरपणाच्या मध्यापासूनच तयार व्हायला लागलेला असतो. घट्टसर, पिवळट, थेंबाथेंबाने येणारा. हेच बाळाचं पहिलं दूध.

गोठ्यातली म्हैस व्याली की चिकासाठी शेजारी भांडं घेऊन दारात उभे राहतात आणि खरवसाच्या वड्या नातेवाइकांकडे पोचत्या होतात. म्हशीला तीन दिवस दूध नसतं असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. तोच चीक आईच्या अंगाला आला की ‘जड’ होतो, ‘बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकला जातो. याला काय म्हणावं?

‘पण दोन-चार थेंबांनी त्याचं पोट कसं भरणार?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची ‘ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या मार्गदर्शिकेत आकडे आहेत : पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळेला २ ते १० मिलिलिटर घेतं, म्हणजे अर्धा ते दोन छोटे चमचे. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. आईच्या अंगाला येतं ते एवढंच आणि बाळाला लागतं तेही एवढंच. शिवाय या चिकात जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. तीन किलोचं बाळ पावणेतीनवर आलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

खरी गंमत, म्हणजे खरा अनर्थ, पुढे होतो. डबा येतो, बाळाला बाटलीने तीस-चाळीस मिलिलिटर पाजलं जातं, ते गाढ झोपतं. सगळे म्हणतात, ‘बघ, भुकेलं होतं बिचारं.’ झोपलेलं बाळ ओढत नाही. ओढलं नाही की आईच्या शरीराला दूध बनवण्याचा निरोप पोचत नाही, कारण दूध मागणीप्रमाणे बनतं. तिसऱ्या दिवशी दूध कमी उतरतं आणि तीच आत्या विजयी मुद्रेने सांगते, ‘मी म्हटलं नव्हतं?’ स्वतःच घडवलेला पुरावा स्वतःच दाखवायचा हा प्रकार मला तरी दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेला नाही.

दुसरी रात्र तर खास आहे. पहिला दिवस झोपून काढलेलं बाळ त्या रात्री दर तासाला उठतं, रडतं, छातीशी चिकटूनच राहतं. सगळा वॉर्ड मान डोलावतो : दूध नाही. वास्तविक पुढच्या दोन दिवसांच्या दुधाची ते मागणी नोंदवत असतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नवजात बाळाचं साधं वेळापत्रक आहे, आणि रात्रीचं पाजणं तर दूध वाढवायला जास्त उपयोगी.

पावडर म्हणजे विष, असं मला म्हणायचं नाही. बाळ फार कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, रक्तातली साखर उतरत असेल, आईला थायरॉइडचा त्रास असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली असेल, तर वरचं दूध लागू शकतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. तेव्हाही आधी आईचंच दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजून पाहायचं. बाटलीची सवय लागली की बाळाला छातीशी ओढणं जड जातं. आणि बाटली उकळायची, पाणी उकळायचं हे रोज आठ-दहा वेळा जमणार आहे का, हेही विचारा. पेणच्या खारेपाटातल्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते; त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं, हा राग वेगळा. ज्या घरात पिण्याचं पाणीच मोजून वापरतात तिथे बाटली म्हणजे जुलाबांना आमंत्रण. दोन वर्षांखालील मुलांसाठी पावडर, बाटल्या आणि तयार बाळअन्नाची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने (२००३ साली तो आणखी कडक झाला) बंदी आहे. ती उगाच नाही.

आणि मध! सोन्याच्या अंगठीने चाटवलेला असो की चमच्याने, वर्षाच्या आत मध नको म्हणजे नको. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि तिथे तयार होणारं विष स्नायू लुळे पाडतं. तान्ह्या बाळांतला हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. ‘आमच्या घरात सगळ्यांना चाटवला, काही झालं नाही’, हे खरं असेल. ज्याला झालं तो सांगायला येत नाही.

दूध पुरतंय का याची चौकशीच करायची तर बाळाच्या लंगोटांची करा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळी शी जाऊन पिवळी, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. एवढं जुळलं तर दूध पुरतंय, मग बाळ कितीही रडो.

जन्मानंतर पहिल्या तासातच पाजायचा आग्रह कशासाठी? घानामधल्या जवळपास ११ हजार बाळांचा एक अभ्यास २००६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. पहिल्या तासात पाजायला सुरुवात झाली तर नवजात बाळांचे २२ टक्के मृत्यू टळू शकतात, असा त्याचा अंदाज होता. आपल्याकडे २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच. खाट दवाखान्याची झाली, खाटेभोवतीचं बोलणं घरचंच राहिलं. सिझेरियनमध्येही कंबरेखालचाच भाग बधिर केलेला असेल तर आई जागी असते. सिस्टरने मदत केली तर बाळ तासाभरात छातीशी लावता येतं. हे आठव्या महिन्यात, तपासणीच्या वेळीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. कळा सुरू झाल्यावर कुणाशी वाद घालायचं बळ त्या मुलीत नसतं. तो वाद घालणं हे बाळाच्या बाबांचं काम. दुकानात पळण्यापेक्षा अवघड, पण उपयोगाचं.

बाळंतिणीच्या बाबतीत घरचं सगळंच टाकाऊ आहे असं मुळीच नाही. सव्वा महिना विश्रांती, हातात गरम ताट, बाळाला सांभाळायला आई-मावशी, अंगाला हलका तेलाचा हात : परदेशात यासाठी पैसे मोजावे लागतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खुशाल खावेत. फक्त दूध वाढतं ते लाडवाने कमी आणि बाळाच्या ओढण्याने जास्त, हे लक्षात असू द्या. चीड येते ती पाणी तोडण्याची. ‘पाणी प्यायलं तर पोट सुटतं’ म्हणून दिवसाला दोन-तीन पेले पाणी देणारी घरं मला आजही भेटतात. दूध पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं, नाहीतर मलावरोध, लघवीची जळजळ, टाक्यांवर ताण. दारं-खिडक्या लावून खाटेखाली पेटवलेली कोळशाची शेगडी तर बंदच करा. त्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ओवा-वावडिंगाची धुरी टाकली तरी तो वायू कमी होत नाही.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. भात खाल्ल्याने टाके पिकत नाहीत; पिकत असते तर रायगडात एकीचेही टाके भरून आले नसते. केळं, दही, मासळी, पालेभाजी सगळं चालतं. नाळेवर हळद, तेल, राख काही नको, कोरडी ठेवली की आपोआप गळते. पहिली अंघोळ किमान चोवीस तासांनी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत आणि त्यात शिसं असू शकतं. नाका-कानात तेल घालू नका. बाळाची छाती सुजलेली दिसली तर पिळू नका, ती आईच्या संप्रेरकांची करामत असते आणि आपली आपण ओसरते. गुटी सहाणेवर उगाळलेली असो की दुकानातली, सहा महिने नको. पाणीसुद्धा नको, अगदी मे महिन्यातही. कावीळ कोवळ्या उन्हाने उतरत नाही. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना. पाजतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत, हे तेव्हाच खरं जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, फक्त अंगावर पितंय आणि पाळी आलेली नाही. तिन्ही एकदम. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्याने बाळ काळं होत नाही.

एका गोष्टीची मात्र एका ओळीत बोळवण करता येणार नाही. ‘सगळं चांगलं झालंय, मग रडतेस कशाला?’ पहिले काही दिवस रडू येणं सार्वत्रिक आहे आणि ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, झोप लागेना, बाळाकडे पाहावंसं वाटेना, जीव नकोसा झाला, तर तो आजार आहे, बाळंतपणानंतरचं नैराश्य. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. त्यात या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं, पाचातल्या एकीपेक्षा जास्त. ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा लावत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

शरीराच्या धोक्याच्या खुणा आईच्या वेगळ्या, बाळाच्या वेगळ्या. आईला तासाभरात अख्खं पॅड भिजवणारा रक्तस्राव, ताप, घाण वास, एकाच पायाला सूज, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांसमोर अंधारी : रक्तदाबाचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. बाळ प्यायचं थांबलं, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके. यातलं एक जरी दिसलं तरी वाट पाहू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसकट, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे, जाण्यायेण्याच्या गाडीसह. तेव्हा ‘घरी सोडा, खर्च वाढतो’ म्हणून दुसऱ्याच दिवशी निघायची घाई करू नका. किमान ४८ तास तिथेच राहा.

घरी आल्यावर आशाताई येतात. ‘ती काय, नुसती कागदं भरायला येते’, हा आणखी एक गैरसमज. या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून ती पद्धत देशभर आशांकडे गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी भेटीचे दिवस ठरलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. भेटीत वजन, तापमान, दूध पिणं आणि नाळ बघितली जाते. घरात बारशाची गडबड असली तरी बाळ उघडून बघू द्या.

अडचण एकच. माहेरी आलेल्या मुलीचं नाव बऱ्याचदा सासरच्या गावच्या यादीत असतं, त्यामुळे माहेरच्या आशाताईला तिचा पत्ताच नसतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांचं तर याहून वाईट : यादी वाडीवर आणि बाळ भट्टीवर. आठव्या महिन्यातच माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन, जिथे बाळंतपण होणार त्या गावच्या आशाताईला भेटा आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख तिच्या वहीत लिहून घ्यायला लावा.