सर्वोत्तम नव्हता, तरी जगज्जेता!

३० जुलै १९६६. लंडनचं वेम्बली स्टेडियम. विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना. इंग्लंड २, पश्चिम जर्मनी १. खेळ संपायला जेमतेम एक मिनिट उरलेलं. तेवढ्यात पंचांनी शिट्टी फुंकली. इंग्लंडच्या उंच बचावपटूने फाऊल केला होता! जर्मनीला फ्री किक मिळाली आणि झालाच गोल! २-२!

जादा वेळेत जेफ हर्स्टने दोन गोल केले आणि इंग्लंडने ४-२ असा विजय मिळवला. तो उंच बचावपटू मात्र मैदानातच गुडघ्यांवर बसला. त्याचं नाव जॅक चार्लटन.

जॅकचा जन्म १९३५ सालचा. उत्तर इंग्लंडमधलं ॲशिंग्टन हे खाणकामगारांचं गाव. वडील कोळशाच्या खाणीत काम करायचे, तर आईचं माहेर फुटबॉलवेडं. जॅकचे चार मामा व्यावसायिक फुटबॉलपटू होते! पण कौतुक व्हायचं ते धाकट्या बॉबीचं. बॉबीच्या पायात जादू होती. जॅक आपला उंच, लुकडा आणि धडपड्या.

पंधराव्या वर्षी जॅकही खाणीत उतरला. पण ते अंधारातलं काम काही त्याला मानवलं नाही. पोलिसात अर्ज केला, तर मुलाखत आणि लीड्स युनायटेडची चाचणी एकाच वेळी आली. जॅकने चाचणी निवडली. मग एक-दोन नव्हे, तब्बल एकवीस वर्षं तो त्याच क्लबकडून खेळला. लीड्ससाठी ७७३ सामने हा त्याचा विक्रम आहे.

बॉबी विशीतच देशाकडून खेळू लागला. जॅकची निवड झाली १९६५ मध्ये, वयाच्या तिशीला महिनाच उरला असताना! त्यालाच नवल वाटलं. त्याने प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांना विचारलं, ‘मला का घेतलंत?’ रॅम्से यांचं उत्तर मोठं गमतीचं होतं. त्यांच्या डोक्यात खेळाचा एक आराखडा होता. त्यात बसतील असे खेळाडू ते निवडत. दर वेळी सगळ्यात चांगलेच घेतात, असं नव्हे!

दुसरा कुणी रुसला असता. जॅकने मात्र ही गोष्ट गाठीशी बांधली आणि पुढे प्रशिक्षक झाल्यावर वापरली. १९७३ मध्ये त्याने मिडल्सबरो संघ हाती घेतला आणि पहिल्याच मोसमात तो दुसऱ्या श्रेणीत अव्वल आला. नंतर शेफिल्ड वेन्सडेलाही त्याने वरच्या श्रेणीत नेलं.

१९८६ मध्ये तो आयर्लंडचा प्रशिक्षक झाला. आपल्यासारखंच आयर्लंडवरही इंग्रजांचं राज्य होतं. तिथे इंग्रज माणूस कशाला, असं अनेकांना वाटलं. जॅकने वाद घातला नाही, आराखडा आखला. चेंडू लांब मारायचा तो थेट प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या पाठीमागे. त्यांना मागे वळून धावायला लावायचं आणि तिथेच गाठून गोंधळवून टाकायचं. टीकाकार म्हणाले, हा खेळ दिसायला छान नाही. पण खेळाडूंना आपापलं काम नेमकं कळलं होतं.

१२ जून १९८८. युरोपियन स्पर्धेत स्टुटगार्टला आयर्लंडची गाठ पडली ती साक्षात इंग्लंडशी! सहाव्याच मिनिटाला रे हाउटनने हेडरने गोल केला आणि आयर्लंड १-० ने जिंकलं. १९९० मध्ये हा छोटासा देश पहिल्यांदाच विश्वचषकात उतरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. १९९४ च्या विश्वचषकात त्याने इटलीला हरवलं. हीच इटली पुढे अंतिम सामना खेळली!

१९९६ मध्ये आयर्लंडने या इंग्रजाला आपलं मानद नागरिकत्व दिलं. १० जुलै २०२० रोजी जॅक गेला. पण कॉर्क विमानतळावर आजही त्याचा पुतळा आहे. फुटबॉलच्या नव्हे, मासेमारीच्या वेशातला. मासे पकडणं हा त्याचा जिवाभावाचा छंद ना!

दोस्तांनो, वर्गाचा संघ निवडताना शेवटपर्यंत कुणी तरी उरतंच. कधी ते तुम्हीही असाल. तेव्हा हिरमुसून घरी जाऊ नका. ‘या संघात कोणतं काम करायला माणूस नाही?’ एवढं बघा आणि ते काम शिकून घ्या. आणि तुम्ही कप्तान असाल, तर त्या उरलेल्याकडे जरा नीट बघा. कोण जाणे, तोच तुमचा जॅक असेल!