आपल्या पश्चात्

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. सरकारी नोकरींत तीस-पस्तीस वर्षें घालविलेल्या गृहस्थाचा योग निवृत्तीच्या दिवशीं पुरा होतो. त्यापुढें उरतो तो क्षेम. आणि तो त्याच्या एकट्याचा नसून त्याच्या पत्नीचा, अपंग अपत्याचा, पतिनिधनानंतर माहेरीं परतलेल्या मुलीचाहि असतो. असें असूनहि आपल्या सुशिक्षित घरांतून निवृत्तिवेतनाचा, म्हणजे रूढ भाषेंत पेन्शनीचा, विषय कपाटांतील एका फाइलीपुरताच राहतो. ‘तें सगळें ह्यांनाच ठाऊक,’ असें गृहिणी सांगते. आणि तिला तें ठाऊक असण्याची गरज ज्या दिवशीं उत्पन्न होते, त्या दिवशीं नेमके ‘हे’ नसतात!

म्हणून या विषयांतील मुख्य मुख्य गोष्टी येथें सांगावयाचें योजिलें आहे. आधारास केंद्र सरकारच्या नागरी नोकरांचे नियम घेतले आहेत. आपल्या राज्यांतील नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२, लागू आहेत. त्यांचा सांगाडा पुष्कळसा असाच असला, तरी वयोमर्यादा व आंकडे ज्यानें त्यानें आपल्या नियमांतून पडताळून घ्यावे.

मेहेरबानी नव्हे, हक्क

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी आहे, अशी समजूत अद्यापि कित्येकांच्या मनांत असते. ती सर्वस्वीं चुकीची आहे. १९७९ सालीं सरकारनें पेन्शन मोजण्याची अधिक उदार रीत सुरू केली. परंतु ३१ मार्च १९७९ रोजीं वा त्यानंतर निवृत्त होणारांनाच ती लागू केली. त्याविरुद्ध नकारा नांवाचे एक निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयांत गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें १७ डिसेंबर १९८२ रोजीं निकाल दिला कीं, पेन्शन ही कृपा नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्यें असा भेद करतां येणार नाहीं. १७ डिसेंबर हा दिवस तेव्हांपासून निवृत्त मंडळी ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात. याहून जुना आधार म्हणजे १८७१ चा पेन्शन कायदा. त्या अन्वयें सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणतां येत नाहीं, आणि पुढें मिळावयाची पेन्शन कोणाच्या नांवें लिहून दिली, तरी तो लेख रद्द ठरतो.

परंतु हक्क असणें निराळें आणि तो पदरांत पडणें निराळें. सरकारी कचेरी माणूस ओळखीत नाहीं, नोंद ओळखते. या लेखाचें सारें तात्पर्य या एका वाक्यांत आहे.

पत्नीचा वांटा

कौटुंबिक निवृत्तिवेतनाची सध्यांची योजना १ जानेवारी १९६४ पासूनची आहे. उदाहरण घेऊं. निवृत्तीच्या वेळीं ज्याचें मूळ वेतन ६०,००० रुपये होतें आणि ज्याची निदान दहा वर्षें पात्र नोकरी झाली होती, त्याला ३०,००० रुपये मूळ पेन्शन बसते. महागाईची भर वेगळी. तो साठाव्या वर्षीं निवृत्त होऊन चौसष्टाव्या वर्षीं वारला असें समजा. पत्नीला प्रथम तेवढेच ३०,००० रुपये मिळतात. पण किती काळ? मृत्यूपासून सात वर्षें, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशीं सदुसष्ट वर्षांचा झाला असता तो दिवस, यांपैकीं जें अगोदर येईल तोंपर्यंत. म्हणजे येथें तीनच वर्षें. त्यानंतर वेतनाच्या शेंकडा तीस, म्हणजे १८,००० रुपये. सदुसष्टीनंतर मृत्यु आल्यास पहिल्यापासूनच हा दुसरा दर लागतो, आणि नोकरींत असतांनाच आल्यास मोठा दर दहा वर्षें चालतो. कित्येक स्त्रियांना एके महिन्यांत रक्कम एकाएकीं उतरलेली पाहून बँकेची कांहीं चूक झाली असें वाटतें. ती चूक नसते. घरखर्चाचा अंदाज करतांना ही घट आधींच हिशेबांत धरली पाहिजे.

पुष्कळजण निवृत्त होतांना पेन्शनीचा कांहीं भाग, अधिकांत अधिक शेंकडा चाळीस, विकून एकरकमी पैसे घेतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनीं पुन्हां सुरू होतो. पति त्याआधीं वारल्यास तो भाग पत्नीच्या पेन्शनींतून कापला जात नाहीं, हें तिनें नीट ध्यानांत ठेवावें.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ऐंशी वर्षें पुरीं झालीं कीं मूळ पेन्शनींत शेंकडा वीस वाढ मिळते; पंचाऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंचाण्णवला पन्नास, आणि शंभरीला दुप्पट. ही वाढ विधवेच्या पेन्शनीसहि लागू आहे. मात्र तिची जन्मतारीख पेन्शन पेमेंट ऑर्डरींत, म्हणजे कचेरींत जिला पी. पी. ओ. म्हणतात त्या कागदांत, नमूद नसेल तर तिची ऐंशी वर्षें पुरीं झालीं हें बँकेनें ओळखावें कशावरून?

मुलें आणि मुली

पत्नी अगर पति यांच्यानंतर क्रम येतो तो अपत्यांचा. पंचवीस वर्षांखालील मुलांना जन्मक्रमानें, वयाची पंचवीस वर्षें, विवाह किंवा कमाई यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंत पेन्शन मिळते. त्यांच्यानंतर अपंग अपत्य. त्यानंतर पंचविशी उलटलेली अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी. या मुलींना पूर्वीं कांहींच मिळत नसे. विधवा व घटस्फोटित मुलींना २००४ सालीं आणि अविवाहित मुलींना २००७ सालीं हा हक्क लाभला. मुलगी आईवडिलांवर अवलंबून असली पाहिजे, आणि वैधव्य अगर घटस्फोट आईवडिलांपैकीं एकजण तरी हयात असतांना घडलेला असला पाहिजे. घटस्फोटाचा दावा त्यांच्या हयातींत दाखल झाला असल्यास निकाल मागाहून लागला तरी २०१७ पासून चालतो.

अपंग अपत्य

माझ्या मतें या साऱ्या नियमांत सर्वांत मोलाचा नियम हाच. ज्या घरांत मतिमंद अथवा अपंग मूल आहे, तेथील आईबाप मृत्यूला भीत नाहींत. ‘आमच्या पश्चात् याचें काय’ या एका प्रश्नाला भितात. जें अपत्य अपंगत्वामुळें आपला चरितार्थ चालवूं शकत नाहीं, त्याला कौटुंबिक पेन्शन आजन्म मिळते. विवाह झाला म्हणूनहि आतां ती थांबत नाहीं. उत्पन्नाची अटहि २०२१ सालीं सैल करण्यांत आली. त्याचें इतर उत्पन्न जोंपर्यंत त्याला मिळूं शकणाऱ्या साध्या दराच्या पेन्शनीहून, महागाईभत्ता धरून, कमी आहे, तोंपर्यंत तें पात्र राहतें.

येथें नोंदीचें महत्त्व शतपट आहे. आईबापांच्या हयातींतच अपत्याचें अपंगत्वाचें प्रमाणपत्र काढून त्याचें नांव पी. पी. ओ. मध्यें घालून घेतां येतें. मूल मतिमंद असेल तर त्याच्या वतीनें पेन्शन कोणीं घ्यावी, याची नेमणूक प्रथम नोकर वा निवृत्त स्वतः आणि त्याच्या पश्चात् त्याची पत्नी करूं शकते. अशी नेमणूक झालेली असली म्हणजे पालकत्वासाठीं न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागत नाहींत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं जिल्ह्याच्या स्थानिक समितीनें दिलेलें पालकत्वाचें प्रमाणपत्रहि ग्राह्य धरलें जातें. हें सारें आईबाप हयात असतां कांहीं हेलपाट्यांत आटपतें. तेंच त्यांच्या मागें राहिलें, तर ज्याला स्वतःची सही करतां येत नाहीं त्याच्यावर तें ओझें पडतें, अथवा ज्याला फारशी निकड नाहीं अशा एखाद्या नातेवाइकावर.

नोकरींत असतां अपंगत्व आल्यास

अपघातानें अथवा आजारानें नोकरींत असतांना अंग गेलें, दृष्टि गेली, तर पुष्कळ स्वाभिमानी माणसें ‘आतां माझ्यानें काम होणार नाहीं’ म्हणून राजीनामा लिहून मोकळीं होतात. असें कदापि करूं नये. राजीनामा दिला कीं मागील सारी नोकरी बुडते, आणि तिच्याबरोबर पेन्शनहि. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याप्रमाणें नोकरींत असतां अपंग झालेल्याला सरकारास काढून टाकतां येत नाहीं, किंवा खालच्या पदावर घालतां येत नाहीं. त्याला झेपेल असें त्याच वेतनाचें दुसरें काम द्यावें लागतें. तें नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून तेथें ठेवावें लागतें. काम मुळींच शक्य नसेल तर वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यानें रुग्णता-निवृत्तिवेतन मागावें. त्यासाठीं असलेली दहा वर्षें नोकरीची अट २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली आहे.

नव्या योजनेंतील तरुण

येथवर सांगितलें तें जुन्या पिढीचें. केंद्रांत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या नोकरांना अंशदानाची नवी योजना आली. तींत वेतनांतून व सरकारकडून खात्यावर पैसे सांचतात आणि त्यांतूनच पुढें वार्षिकी विकत घ्यावी लागते. केंद्राच्या अशा नोकरांनीं एक विकल्प अवश्य भरून ठेवावा. नोकरींत असतां मृत्यु आला, किंवा अपंगत्वामुळें नोकरी सुटली, तर जुन्या नियमांप्रमाणें पेन्शन हवी कीं खात्यांतील रक्कम, हें लिहून ठेवण्याची सोय २०२१ च्या नियमांनीं केली आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानें ‘एकीकृत’ योजनाहि निवडीसाठीं ठेवली आहे. तींत पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग मिळतो, आणि मृत्यूनंतर त्याच्या शेंकडा साठ जोडीदाराला. ही पुढची तरतूद जोडीदारापुरतीच आहे, ही गोष्ट घरांत अपंग अपत्य असलेल्या नोकरानें निवड करण्यापूर्वीं दहा वेळां मनांत घोळवावी.

आजच करावयाचीं कामें

आतां प्रत्यक्ष काय करावें तें थोडक्यांत सांगतों. पी. पी. ओ. काढून पतिपत्नींनीं ती एकत्र बसून वाचावी. पत्नीचें नांव तेथें आधारपत्रावर आहे तसेंच लिहिलें आहे काय, जन्मतारीख आहे काय, हें पाहावें. माहेरचें नांव एका कागदावर आणि सासरचें दुसऱ्यावर, हा घोटाळा आपल्याकडे घरोघर आहे. पेन्शनीचें खातें पत्नीबरोबर संयुक्त करून घ्यावें. नांव नोंदलेलें आणि खातें संयुक्त असलें म्हणजे मृत्यूच्या दाखल्यासह साध्या अर्जावर तिची पेन्शन सुरू होऊं शकते. अपंग अपत्य, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी घरीं असल्यास कुटुंबाच्या यादींत त्यांचें नांव आजच कळवावें.

दरवर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीवरील मंडळींना तो १ ऑक्टोबरपासून देतां येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सोयीनें आणि आतां चेहऱ्याच्या ओळखीनें तो घरबसल्या मोबाइलवरूनहि होतो. हें काम नातवाला सांगावें, म्हणजे तो आजीलाहि तें शिकवील. आणि मृत्यूची वार्ता बँकेस ताबडतोब कळवावी. उशीर केल्यास जास्तीची जमा झालेली रक्कम पुढें परत भरावी लागते.

कित्येक घरांत हा विषय काढणें अशुभ मानतात. वस्तुतः आपल्या पश्चात् आपल्या माणसांची सोय लावणें यांत अशुभ असें कांहींच नाहीं. म्हणून हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं ती फाइल कपाटांतून काढावी, आणि घरांत ती कोठें असते हें आणखी एका माणसाला दाखवून मगच परत ठेवावी.