दूध कमी की पकड उथळ?

गोरेगावातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "हिला दूधच पुरत नाही हो." बोलणारी बहुधा आजी असते. बाळ किरकिरतं, बाळंतीण रडवेली झालेली, आणि पावडरचा डबा आणायचं घरात ठरलेलंही असतं. पण मुळातच दूध कमी असणाऱ्या आया थोड्या. अनेकदा चुकलेली असते ती बाळाची पकड.

बाळ नुसतं बोंड चोखत राहिलं तर दूध फारसं येत नाही. भोवतालचा काळा भागही तोंडात जावा लागतो. म्हणून पाजताना जवळून पाहा: तोंड जांभईसारखं मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का. काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसायला हवा. गालांना खळ्या पडत असतील, चटचट आवाज येत असेल तर पकड उथळ आहे. सुरुवातीचं भराभर चोखणं दूध उतरल्यावर संथ होतं, घोट ऐकू येतात. पाजून झाल्यावर बोंड चपटं, तिरकं झालेलं दिसलं, तर ते दबलं गेलंय. "पहिल्यांदा दुखायचंच" म्हणून बाळंतिणीला गप्प करणं मला मुळीच पटत नाही. सतत दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

रुग्णालयांत यासाठी 1994 पासून 'लॅच' गुणांकन वापरतात. पकड, गिळण्याचा आवाज, बोंडाचा आकार, आईचा त्रास आणि बाळ धरायला लागणारी मदत, प्रत्येकी 2 असे 10 गुण.

गोरेगावहून आरेच्या रस्त्याने पलीकडे गेलं की पवईची आयआयटी. तिथल्या डॉ. रूपल दलाल यांनी पकडीचं हेच तंत्र स्पोकन ट्यूटोरियलच्या चित्रफितींतून शिकवलं आहे. डाव्या बाजूला पाजताना बाळ उजव्या हातावर घ्यायचं, कानांमागे मानेला आधार द्यायचा, डोकं मात्र ढकलायचं नाही.

पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा वेळा लघवी व्हावी, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघावं. तसं नसेल किंवा बाळ सुस्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळ वाढत असेल, तर मनाने डबा उघडू नका. आधी जाणत्या नर्सला किंवा आशाताईंना शेजारी बसवून एकदा पकड पाहायला सांगा.