गंज दिसतो कुठे, खातो कुठे

चंद्रपूरला आमच्या एका शिक्षक मित्राच्या अंगणात तीन पावसाळ्यांपूर्वी एक जीप आली. आली म्हणजे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जिपा बनवल्या, त्यांपैकीच ही एक. युद्ध संपल्यावर लष्कराला नको असलेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि 'डिस्पोजलची जीप' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. (मुंबईत महिंद्रांनी सुटे भाग आणवून जीप जोडायला सुरुवात केली ती 1947 साली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बहुतेक जिपा त्या वंशातल्या.) आमची जीप आलापल्लीकडच्या जंगलात लाकडाच्या ठेकेदाराकडे राबली आणि मग वीस-बावीस वर्षे एका मोहाच्या झाडाखाली उभी राहिली.

धातूंचे क्षरण हा आमच्या रोजच्या संशोधनाचा विषय. त्यामुळे मित्राने आम्हाला मोठ्या विश्वासाने बोलावले, आणि आम्हीही मोठ्या आत्मविश्वासाने सुरुवातीलाच चूक केली.

चूक अशी. जीपचे बॉनेट आणि मडगार्ड विटकरीसारखे लाल झाले होते. खालची चेसिस मात्र काळीभोर दिसत होती. कोणे एके काळी कुणीतरी तिच्यावर डांबराचा जाड लेप दिला होता. आम्ही बॉनेटपासून सुरुवात केली. तीन रविवार तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. चौथ्या रविवारी शेजारच्या गॅरेजमधले वेल्डरभाऊ सहज डोकावले. त्यांनी वाकून चेसिसवर छोटा हातोडा ठोकत ठोकत एक फेरी मारली. बहुतेक ठिकाणी टण्‌ असा आवाज आला. मागच्या चाकांच्या जरा पुढे मात्र 'भद्द' असा आला. "सर, तुम्ही वरचं लाल पाहून राह्यले," ते म्हणाले, "गाडी तर खालून गेली ना." त्यांनी टोच्या टेकवून दाबला, तो डांबरातून आणि पत्र्यातून आरपार गेला.

पुढे आम्ही मोजमाप केले. लालभडक बॉनेटचा पत्रा जवळजवळ मूळच्याच जाडीचा निघाला. काळ्या, निरोगी दिसणाऱ्या चेसिसची जाडी काही ठिकाणी निम्म्यावर आली होती. या गाडीत माणसे बसणार होती. चेसिस तशीच ठेवून वर चकचकीत ऑलिव्ह हिरवा रंग दिला असता, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात काय झाले असते याचा विचार नको वाटतो.

हे असे का होते? पाठ्यपुस्तकात आपण शिकतो आणि शिकवतो की लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. हे खरे आहे, पण अपुरे आहे. त्यावरून वाटते की जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर प्रयोग करून दाखवले की गोष्ट जवळजवळ उलटी आहे. हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात करता येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोखंडाचा एक सपाट तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासून घ्या. 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 3 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब आणि चिमूटभर पोटॅशियम फेरीसायनाइड घाला. (या द्रावणाजवळ आम्ल आणू नका आणि ते शिक्षकांनीच हाताळावे.) या द्रावणाचा एक मोठा थेंब लोखंडावर ठेवा आणि पाच-दहा मिनिटे नुसते पाहत राहा. थेंबाच्या मधोमध निळा रंग उमटतो, कडेने गुलाबी.

निळा रंग म्हणजे तिथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून, आयन होऊन पाण्यात उतरत आहेत. म्हणजेच धातू खाल्ला जात आहे तो तिथे. गुलाबी रंग अल्कलीचा. तिथे हवेतला ऑक्सिजन आणि पाणी हे धातूतून आलेले इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड आयन बनवतात. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून ऑक्सिजन तिथे भरपूर पोहोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथे धातू झिजतो! इलेक्ट्रॉन धातूतून मध्याकडून कडेकडे वाहतात, म्हणजे तो थेंब एक चिमुकला विद्युतघटच असतो. आणि लाल गंज? तो थोड्या वेळाने निळ्या आणि गुलाबीच्या मधल्या पट्ट्यात कड्यासारखा दिसू लागतो. मध्यातून निघालेले लोहाचे आयन आणि कडेकडून आलेले हायड्रॉक्साइड वाटेत जिथे भेटतात, तिथे. खड्डा पडतो एकीकडे आणि राडा जमतो दुसरीकडे.

आता हाच थेंब मोठा करून जीपएवढा करा. उघड्या बॉनेटवर पाऊस पडतो, वारा लागतो, ऊन पडले की ते सुकते. तिथला गंज सगळीकडे सारखा, पातळ आणि दिसायला भयंकर असतो. चिखलाचा गोळा, दोन पत्र्यांमधली फट, पाट्यांच्या मधली जागा, डांबराच्या लेपाला तडा जाऊन आत शिरलेले पाणी, या ठिकाणी ओल असते पण हवा पोहोचत नाही. थेंबाचा मध्य तो हाच. युद्धकाळातल्या या जिपांची एक खोड आम्हाला नंतर कळली. फरशीच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोटात मजबुतीसाठी लाकडाचे ठोकळे बसवलेले असतात. लाकूड पाणी पिते आणि महिनोन्महिने सोडत नाही. आमच्या जीपमध्ये त्या जागी लाकडाचा काळा भुगा आणि गंजाचे पापुद्रे एवढेच उरले होते. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खोलगट भागात बसते, तिथेही तेच. पाणी निघून जाण्याचे भोक मोहाच्या पानांनी कधीच बुजले होते. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून जोडलेले पत्रे मधून फुगतात, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत येते.

आमच्या भागातले हवामान या कामात दुहेरी वागते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि गंज अक्षरशः झोपलेला असतो. जूनच्या मध्यानंतर तो जागा होतो. स्वच्छ लोखंडावर हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांखाली असेपर्यंत फारसे काही घडत नाही, ती मर्यादा ओलांडली आणि हवेत सल्फर डायऑक्साइडचा अंश असला, की क्षरणाचा वेग एकदम उडी घेतो, हे व्हर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1930च्या दशकातच दाखवले होते. चंद्रपूरला कोळशाच्या खाणी आहेत आणि 2,920 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशाची बारीक धूळ पत्र्यावर बसते, ओलावा आणि तो वायू धरून ठेवते. त्यामुळे उघडे केलेले लोखंड रंगवायचे काम फेब्रुवारी ते मे या काळातच उरकायचे, हा नियम आम्ही दुसऱ्या वर्षापासून पाळला. पहिल्या वर्षी जुलैमध्ये घासून पांढरा केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांबूस दिसला होता.

लोखंड परत तांबडे होऊ पाहते यात नवल नाही. मुळात ते तांबड्या दगडातूनच आलेले असते. आमच्याच मुलखात, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या टेकडीत, हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड भरले आहे. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल 1882 साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याच्या कल्पनेने तिथून जोर धरला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उपयोगी ठरला नाही. पुढे दोराबजी टाटा आणि वेल्ड हे भूवैज्ञानिक चांद्याच्या रानात हिंडले, पण कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला आणि तिथे 1912 साली पोलाद निघाले. हेमॅटाइटमधून ऑक्सिजन काढायला भट्टीत कोळशाची केवढी तरी ऊर्जा ओतावी लागते. गंजताना लोखंड तोच ऑक्सिजन, सोबत थोडे पाणी घेऊन, परत मिळवते. जीपच्या फरशीतून निघालेले पापुद्रे आणि लोहाऱ्याचा खडा मित्राने शाळेत शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मुलांना ते एकाच कुळातले आहेत हे सांगावे लागले नाही.

चेसिसचा कुजलेला भाग कापून नवे पोलाद जोडण्याचे काम वेल्डरभाऊंनी केले. त्यात आमचे कर्तृत्व काही नाही. आमच्याकडे उरले ते बाकीचा गंज काढणे, आणि त्यातही एकदा तोंडघशी पडलो. मागच्या पाट्यांवरचा गंज लवकर निघावा म्हणून आम्ही ते हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवले. पाटे अर्ध्या तासात चांदीसारखे झाले. धुतले, पुसले, बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडीत कोणीही नसताना, एक पाटा मोठा आवाज करून तुटला. आम्ल लोखंडावर काम करते तेव्हा हायड्रोजन सुटतो. त्यातला काही अणुरूपात पोलादात शिरतो आणि कठीण, ताणाखाली असलेल्या पोलादाला ठिसूळ करतो. भेग लगेच पडत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी पडते, हीच याची खूण. हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो! असे भाग आम्लात घालूच नयेत. कारखान्यात घालावेच लागले, तर ते लगेच सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास तापवून हायड्रोजन बाहेर काढतात.

बिजागऱ्या, कंस, साधे बोल्ट यांच्यासाठी विद्युत अपघटन उत्तम. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या वस्तूला, धन टोक लोखंडाच्या भंगार तुकड्याला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून काळा चिखल होतो, तो ब्रशने निघतो. भंगार तुकड्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा मुळीच वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियमची संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन निघतो. बादलीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात, म्हणून ती अंगणातच ठेवावी, जवळ काडी ओढू नये, आणि तार हलवण्याआधी चार्जर बंद करावा.

मोठ्या पत्र्यांसाठी मात्र बादली पुरत नाही. तिथे आम्हाला गडचिरोलीच्या जंगलाने मदत केली. हिरड्याच्या वाळलेल्या फळात साधारण एकतृतीयांश टॅनिन असते. म्हणूनच कातडी कमावण्यासाठी पूर्वी ते जहाजे भरून परदेशी जाई. हिरड्याचा काढा आणि हिराकस मिळून काळी शाई होते, हे जुन्या लेखनिकांना ठाऊक होते. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. शाईत जे घडते तेच गंजावर घडते: टॅनिन लोहाच्या आयनांशी बांधले जाऊन निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे लोह-टॅनेट बनते. संग्रहालयांत जुन्या लोखंडी वस्तूंवर टॅनिक आम्लाचा लेप देतात तो याच कारणासाठी. आम्ही एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम भरड हिरडा उकळून रात्रभर ठेवला, गाळला आणि सुटा गंज ब्रशने काढलेल्या बॉनेटवर दोन हात दिले. (काढा लोखंडी कढईत करू नका. आम्ही केला, आणि मिळाली ती शाई.) तासाभरात लाल बॉनेट काळे झाले. पण या काळेपणावरही फार विसंबू नये. जाड पापुद्र्यांच्या तळापर्यंत टॅनिन पोहोचत नाही आणि फटीत अडकलेले क्षार ते काढत नाही. वर प्रायमर आणि रंग हवाच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. जुन्या गाड्यांच्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. तांबडा प्रायमर पुष्कळदा शिशाच्या ऑक्साइडचा, म्हणजे शेंदराचाच असे. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा 2017 पासून लागू झाली, जुना रंग तिच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासला की धूळ अंगणात आणि मुलांच्या हातांतून पोटात जाते. त्या पहिल्या तीन रविवारी आम्ही कोरडेच घासत होतो आणि मित्राची धाकटी मुलगी शेजारी खेळत होती. कळल्यावर तिच्या रक्तातले शिसे तपासून घेतले. अहवाल ठीक आला, पण तो येईपर्यंतचे चार दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. आता घासायचे ते पाणी मारून, खाली प्लॅस्टिक अंथरून, मुलांना लांब ठेवून. ब्रेकच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, तिथली धूळ फुंकून उडवू नये.

जीप आता स्वतःच्या इंजिनावर अंगणाच्या फाटकापर्यंत जाते. 50 वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी नोंदणी आहे. तिच्यासाठी कागद जमवणे चालू आहे आणि ते गंज काढण्यापेक्षा अवघड आहे. चेसिसला जस्तयुक्त प्रायमर दिला. रंगाला ओरखडा गेला तरी लोखंडाऐवजी आधी जस्त झिजते. फरशीखालच्या पट्ट्यांत लाकूड पुन्हा घातले नाही. पाणी जाण्याची सगळी भोके मोकळी केली आणि कुठली भोके कुठे आहेत याचा नकाशा मित्राच्या मुलीने वहीत काढून ठेवला आहे. पावसाळ्यात दर रविवारी ती सायकलची तार घेऊन ती एकेक भोके टोचून पाहते. बॉनेट अजून हिरड्याच्या काळ्या रंगातच आहे. येणारे जाणारे विचारतात, हे कधी रंगवणार? रंगवू सावकाश. त्याला घाई नाही.